जास्तीचा एक इंच

मुलुंडच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी मला फसवलं, आणि मी वैजयंती घाडी नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला फसवलं. डॉक्टरांना हे माहीत आहे, मला माहीत आहे, आणि यंदापासून वैजयंतीलाही माहीत आहे.

डॉक्टरांचं नाव छापायचं नाही, अशी या दिवाळी अंकाच्या संपादकांची अट होती. छापलंच पाहिजे, अशी माझी. मी तीन वेळा उठून दारापर्यंत गेलो, त्यांनी तीन वेळा परत बोलावलं, आणि शेवटी ‘मुलुंडचे डॉक्टर’ यावर सौदा ठरला. मुलुंडला हाडांचे डॉक्टर बरेच आहेत. बाकीच्यांनी मनाला लावून घेऊ नये.

माझं दुकान घाटकोपरला, पश्चिमेला. पाटीवर मोठं इंग्रजी नाव आहे, पण गल्लीत सगळे ‘पट्ट्यांचं दुकान’ म्हणतात. पुढे काउंटर, मागे ऐरण, शिवणयंत्र, चामड्याच्या गुंडाळ्या आणि प्लास्टरची पोती. कंबरेचे पट्टे, मानेचे कॉलर, टाच दुखणाऱ्यांसाठी मऊ रबराच्या चपला, सपाट पायांचे बूट आणि पोलिओ झालेल्या मुलांचे कॅलिपर, एवढं मी बनवतो. वडील गिरणीत होते. मी नववीत शाळा सोडली आणि एका सरकारी इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये चामड्याची कातरणं गोळा करायला लागलो. अकरा वर्षं तिथे होतो. मला कोणी बसवून शिकवलं नाही. फोरमन जेवायला गेला की त्याचं अर्धवट काम हातात घ्यायचो, तो परत आला की शिव्या खायचो. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. हात आहेत.

धंद्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

शरीर चालतं ते तीन गोष्टींवर. हाड म्हणजे दांडा, स्नायू म्हणजे दोरी, सांधा म्हणजे बिजागरी. डॉक्टर लोकांना हे ऐकून राग येतो, कारण हे शिकायला त्यांची सात-आठ वर्षं गेलेली असतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ माणसांचा दांडा शाबूत असतो. दोरी ढिली झालेली असते किंवा बिजागरी झिजलेली. कंबरदुखीचे लोक पट्टा मागायला येतात तेव्हा त्यांना वाटतं, पट्टा कंबर उचलून धरणार. पट्टा काही उचलत नाही. तो फक्त आठवण करून देतो की बाबा, वाकू नकोस, गुडघ्यात बस. ज्यांना घरात अशी आठवण करून देणारं माणूस असतं त्यांना पट्टा लागत नाही, हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. त्यानंतर पट्टा घेणारे कमी होतात, पण घेतात ते परत येतात.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. एक बँकेतले साहेब मानेचा कॉलर घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आले, की फरक नाही. मी कॉलर हातात घेतला. नवा कोरा, आतून घामाचा डाग नाही.

“साहेब, हा वापरता कधी?”

“ऑफिसात घालतो की.”

“आणि घरी?”

“घरी कशाला? घरी कोण बघतंय?”

मढची एक कोळीण यायची, हिराबाई. डोक्यावर पाटी वाहून मान मजबूत झाली होती, गुडघे मात्र बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले. अशा गुडघ्याचा भार आतल्या बाजूवर पडतो आणि तीच बाजू झिजत जाते. टाचेखाली बाहेरच्या कडेला पाव इंचाची पाचर दिली की भार थोडा मधे सरकतो. मी तशी चप्पल करून दिली. भावात तिने मला जे लोळवलं ते आजवर कोणाला जमलेलं नाही. शेवटी मी म्हणालो, “हिराबाई, आता तुम्हीच मला पैसे द्यायला सांगाल.” ती म्हणाली, “देशील तर नको नाही म्हणणार.” महिन्याने ती आली. दुखणं निम्मं झालं होतं. तिची तक्रार वेगळीच होती: आता नवरा सांगतो, दोन पाट्या ने.

तिच्याच गावात एका बंगल्यावर शूटिंग होतं. युनिटचा माणूस दुकानात येऊन कॅलिपर भाड्याने मागू लागला, हीरोला लंगडा दाखवायचाय म्हणे. मी स्वतः घेऊन गेलो. पहिल्या दिवशी डाव्या पायाला बांधला. दुसऱ्या दिवशी मी नव्हतो, त्यांनी उजव्या पायाला बांधला. पिक्चर लागला तेव्हा थिएटरात एकट्या मलाच ते कळलं. मी शेजारच्याला सांगितलं, तो म्हणाला, गप बसा.

आता कॅलिपर. पोलिओत हाड ठीक असतं, सांधा ठीक असतो, दोरी मेलेली असते. आई येते आणि प्रत्येक आई एकच गोष्ट सांगते: ताप आला, डॉक्टरने सुई दिली, सकाळी पाय उचलेना. अशा पायावर भार दिला की गुडघा दुमडतो आणि मूल पडतं. म्हणून पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या लावायच्या, खाली बुटाच्या टाचेत बसवायच्या, वर मांडीला चामड्याचा पट्टा. गुडघ्याशी लॉक. उभं राहिलं की कडी खाली पडते आणि लोखंड सरळ राहतं, बसताना कडी वर ओढली की दुमडतं. गुडघ्यावर समोरून चामड्याची वाटी, ती गुडघ्याला मागे धरून ठेवते.

सगळी कारागिरी एका जागेवर आहे. लोखंडाची बिजागरी पायाच्या बिजागरीसमोर आली पाहिजे, नेमकी समोर. दाराच्या दोन बिजागऱ्या एका रेषेत नसल्या तर दार कुरकुरतं. मूल कुरकुरत नाही. ते पट्टा सैल करतं.

माप घ्यायचं ते ब्राऊन पेपरवर. मुलाला कागदावर निजवायचं, पेन्सिल उभी धरून पायाच्या कडेने रेघ ओढायची, जांघ, गुडघा, घोटा यांच्या खुणा करायच्या, कोपऱ्यात नाव आणि तारीख. घाबरलेलं मूल पाय ताठ करतं आणि माप चुकतं, म्हणून मी पेन्सिल आधी त्याच्याच हातात देतो. पाच मिनिटं कागदावर काय हवं ते काढू दे. माझ्या कपाटात अशा शेकडो पायांच्या आकृत्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांच्या बाजूला घर, सूर्य आणि मोटारगाडी आहे.

वैजूने कागदावर बाई काढली होती. एका हातात छडी.

“ही कोण?” मी विचारलं.

“आमच्या बाई. मी शाळेत गेले की मला मारतील.”

“कशाला मारतील?”

“उशीर झाला म्हणून. बाकीच्या मुलांचा एक जून झाला, माझा नाही झाला.”

ती सहा वर्षांची झाली होती आणि शाळेत बसवलं नव्हतं. शाळा चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे. आई कडेवर घेऊन जायला तयार होती, पण दिवसभर तिला तिथे उठवणार-बसवणार कोण, असं मुख्याध्यापिकेचं म्हणणं. तिने स्वतःच्या पायांवर उभं राहिलं पाहिजे, मग घेऊ. म्हणजे हा कॅलिपर झाला तर शाळा, नाहीतर घर.

वडील, वसंत घाडी, माझ्याच भागातले, देवगडकडचे. गिरणी सुटली आणि भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले होते. माणूस कष्टाळू, पण माझ्यासारखाच. म्हणजे एकदा नाही म्हटलं की नाही. त्यांनी वैजूचं माप बघितलं आणि म्हणाले, “मेस्त्री, एक इंच वाढतां ठेवा.”

हे वाढतं माप आपल्या लोकांच्या हाडात आहे. माझी शाळेची पँट अशीच शिवलेली असायची, खाली चार बोटं दुमडून. बूट घ्यायचे ते दोन नंबर मोठे, पुढे कापूस. मुंज मुलाची आणि कोट लग्नातही होईल असा. त्यात लाज काही नाही, पोरं वाढतात. पण कॅलिपर म्हणजे पँट नव्हे. वरचा पट्टा जांघेला अडतो, म्हणून मांडीची पट्टी एक इंच लांब केली की लोखंडाची बिजागरी गुडघ्याच्या खाली जाते आणि बूट पावलाच्या खाली.

मी तसं सांगितलं.

“चेडू वाढतला मेस्त्री,” घाडी मुलीकडे बोट करून म्हणाले. “मगे?”

“चेडू वाढतला. हो पाय तितको वाढूचो नाय.”

पोलिओचा पाय चांगल्या पायाच्या मागे राहतो. रक्त कमी, हालचाल कमी, वाढ कमी. हे वर्कशॉपमधल्या झाडूवाल्यालाही माहीत असतं. पण हे वाक्य बापासमोर, मुलगी टेबलावर पडलेली असताना, मी ज्या आवाजात बोललो त्या आवाजात बोलायचं नसतं. घाडींच्या तोंडावरून ते मला लगेच कळलं. ते म्हणाले, “तू कोण रे सांगणारो?” मी म्हणालो, “तुमका समजणा नाय तर माप घेऊन दुसरीकडे जावा.” ते मुलीला उचलून निघून गेले.

इथे एक गोष्ट कबूल करतो, कारण पुढे दुसऱ्याकडून कबुली मागणार आहे. पट्ट्या दोन तुकड्यांत करून एकावर एक चढवायच्या, त्यांना भोकं पाडायची आणि मूल वाढेल तसा स्क्रू एका भोकातून दुसऱ्यात न्यायचा, ही पद्धत मला तेव्हा येत होती. वेळ जास्त लागतो, पण गुडघा गुडघ्यावर राहतो आणि वाढही मिळते. घाडींना हवं होतं ते त्यात होतं. मी त्यांना ते सांगितलंच नाही. माझं डोकं फिरलं होतं, आणि डोकं फिरलं की मी समोरच्याला हरवायच्या मागे लागतो. त्याला काय हवंय ते मला दिसत नाही.

घाडी गेले ते सरळ मुलुंडला, डॉक्टरांकडे. मला कॅलिपरची निम्मी कामं त्यांच्याच चिठ्ठीने येत. शनिवारी डॉक्टरांनी बोलावलं. टेबलावर जाड काच, काचेवर प्लास्टिकचा गुडघा, उघडझाप होणारा.

“मेस्त्री, गरीब माणूस आहे तो. ठेवा एक इंच.”

“डॉक्टर, सांधा खाली जाईल. वाटी नडगीवर येईल.”

“बुटात कापूस भरायला सांगा. लहान पोरं आहेत, सवय होते.”

“मग चिठ्ठीवर लिहून द्या.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे. लिहून द्या.”

ते हसले. मी गप्प बसलो. सौद्यात गप्प बसणं हे माझं मोठं हत्यार आहे, समोरचा काहीतरी बोलतोच. पण डॉक्टरही गप्प बसले. मग मी बोललो. मी म्हणालो, “बोरिवलीच्या शिबिराचं काय ठरलं?”

बोरिवलीला पोलिओच्या मुलांचं शिबिर होणार होतं. चाळीस मुलं, चाळीस कॅलिपर, आणि काम कोणाला द्यायचं ते डॉक्टरांच्या हातात. शिबिराचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला. लोक विचारतात तेव्हा मी आजवर उलटं सांगत आलो.

डॉक्टर म्हणाले, “ते तुम्हालाच. आणि त्या इंचाची जबाबदारी माझी. उद्या कोणी विचारलं तर मी सांगेन, मीच सांगितलं होतं.”

कुर्ल्याच्या भंगारवाल्यांशी, धारावीच्या चामडेवाल्यांशी मी वीस वर्षं व्यवहार केला, तोंडी शब्दावर कधी उठलो नाही. त्या दिवशी उठलो.

कॅलिपर बनवला. जास्तीच्या इंचासकट. घाडींनी तो उभा धरून पाहिला, मुलीच्या पायापेक्षा मोठा दिसला आणि त्यांना समाधान झालं. वैजूला बांधून उभं केलं. ती भिंत धरून चार पावलं चालली, पाचव्याला थांबली, खाली बघितलं आणि म्हणाली, “काका, ह्यात अजून एक मुलगी मावेल.”

घाडी हसले. मीही हसलो. तिची आई, शालन, हसली नाही. तिने विचारलं, “भाऊ, हे असंच असतं का?”

मी म्हणालो, “सवय होते.”

वाक्य डॉक्टरांचं होतं, तोंड माझं होतं.

वैजू शाळेत जायला लागली, पहिलीत नाव मात्र पुढच्या जूनला लागलं. बोरिवलीचं शिबिर झालं, चाळीस मुलांची मापं मी स्वतः घेतली. तिथे जे आईबाप वाढतं माप मागायला आले त्या सगळ्यांना नाही म्हणालो, आणि भोकांच्या पट्ट्या करून दिल्या. डॉक्टर दोनदा येऊन पाठ थोपटून गेले. ते काम माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी आहे, आणि ते मला कशाच्या बदल्यात मिळालं तेही मी विसरलेलो नाही.

सव्वा वर्षाने शालन मुलीला घेऊन दुकानात आली. म्हणाली, चामड्याची वाटी टोचते, जरा घासून द्या.

मी वैजूला टेबलावर बसवलं आणि बूट काढला. आत कापसाचा गोळा होता. त्याखाली ब्लाऊजच्या कापडाची घडी. त्याखाली वर्तमानपत्राची घडी, चपटी होऊन पुठ्ठ्यासारखी झालेली. आईने सहा-सात महिने एकेक थर चढवला होता, आणि फार नीट. वाटी नडगीच्या उंचवट्यावर बसत होती. तिथे मांस नसतं, कातडीखाली सरळ हाड. दाबलं की कळ येते. म्हणून वैजूने वाटीचा पट्टा दोन भोकं सैल केलेला. पट्टा सैल, म्हणजे गुडघ्याला मागे धरणारं कोणी नाही. बाहेरून लोखंड सरळ आणि आत गुडघा वाकलेला, असं ती वर्षभर उभी राहिली होती.

मी कॅलिपर पूर्ण काढला. पाय टेबलावर ठेवला आणि गुडघा हळूच खाली दाबला. तो सरळ होईना. वीस-पंचवीस अंश बाकी राहत होते. जी दोरी जिवंत असते ती एकाच जागी राहिली की आखडते, मग तिला ओढून सरळ करता येत नाही. कॅलिपर सरळ पायावर चालतो. वाकलेल्या गुडघ्यावर जगातला कोणताही मेस्त्री कॅलिपर बसवू शकत नाही.

“आधी का नाही आणलीत?” मी शालनला विचारलं.

“तुम्हीच म्हणालात ना, सवय होते.”

कपाटातून जुना कागद काढला. छडीवाल्या बाईच्या बाजूचा पाय. वैजूला त्यावर निजवलं. चांगला पाय सव्वा इंच वाढला होता. पोलिओचा पाय पेन्सिलच्या रेघेच्या जेमतेम बाहेर.

मी दुकान बंद केलं आणि तिघंही रिक्षाने मुलुंडला गेलो. डॉक्टरांनी तपासलं. नीट तपासलं, तो माणूस हुशार आहे, तसं मी कधीही नाकारलेलं नाही. मग शालनकडे बघून त्यांनी विचारलं, “हे माप कोणी घेतलं?”

मी म्हणालो, “डॉक्टर, इंचाचं तुम्ही सांगितलं होतंत.”

“मी? कुठे लिहिलंय?”

आणि त्यांनी केसपेपर पुढे ओढून लिहायला घेतलं. इंग्रजीत. त्यांना वाटलं असावं की शालनला वाचता येणार नाही आणि मलाही नाही. मला हळू येतं, पण येतं. सदोष कॅलिपर, चुकीचं माप, गुडघा आखडला. पुढे माझ्या दुकानाचं नाव.

मी हातातला कॅलिपर टेबलावर आपटला. काचेला तडा गेला. प्लास्टिकचा गुडघा खाली पडला आणि त्याचे चार भाग झाले. कंपाउंडर धावत आला, बाहेरचे पेशंट दारात जमले. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. दहा मिनिटं त्या खोलीत सगळे काचेकडे आणि प्लास्टिकच्या गुडघ्याकडे बघत होते. खरा गुडघा तपासणीच्या बाकावर उघडा पडला होता, त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

शालन मला म्हणाली, “भाऊ, पोरीला उचलून खाली न्यायची आहे. रागवून झालं असेल तर धरा.”

त्या आपटण्याने डॉक्टरांचं काम सोपं झालं. दारात जमलेल्या माणसांनी काय पाहिलं? एक डॉक्टर शांतपणे लिहितोय आणि एक पट्टेवाला काच फोडतोय. कोणावर विश्वास ठेवायचा हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. घाडींनाही नव्हती. ते दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी दुकानात आले आणि म्हणाले, “इंच मी मागितलंय, खरा. मी अडाणी. तू तर शिकलेलो ना? तू कित्याक केलंस?” त्यांनी पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही असं सांगितलं, आणि आजपर्यंत चढलेले नाहीत.

वैजूचा पाय पालिकेच्या इस्पितळात प्लास्टरमध्ये घातला. दर आठवड्याला प्लास्टर कापायचं, गुडघा थोडा सरळ करायचा, पुन्हा घालायचं. सात आठवडे. त्यानंतर रोज पालथं निजवून पाय पलंगाच्या कडेबाहेर काढायचा आणि टाचेवर वाळूची पिशवी ठेवायची, अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी. शालनने ते वर्षभर एकदाही न चुकता केलं. इस्पितळातली फिजिओथेरपीची मुलगी मला नंतर म्हणाली की असं करणारी आई तिने दुसरी पाहिली नाही. पंचवीसातले पंधरा अंश सुटले. दहा राहिले. पहिलीची परीक्षा बुडाली, वर्ष गेलं. छडीवाल्या बाईंच्या वर्गात ती पुन्हा बसली.

प्लास्टर निघाल्यावर एका दुपारी, घाडी कारखान्यात असताना, शालन वैजूला कडेवर घेऊन आली.

“घरी माहीत आहे का?” मी विचारलं.

“नाही. कळेल तेव्हा कळेल. तुमचं भांडण तुमच्याकडे ठेवा, माप घ्या.”

“दुसरे कारागीर आहेत. मी नावं देतो.”

“दुसऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगू? तुम्हाला कुठे चुकलं ते माहीत आहे.”

मी ब्राऊन पेपर पसरला. पेन्सिल वैजूच्या हातात दिली. तिने ती परत दिली. म्हणाली, “काका, आधी माप. आणि ह्या वेळी माझ्याच पायाचं घ्या.”

तो कॅलिपर भोकांच्या पट्ट्यांचा केला, दहा अंश वाकलेल्या गुडघ्याला जुळेल असा लोखंडालाही तेवढाच बाक देऊन. असा बाक देणं कटकटीचं असतं. बाहेरच्या आणि आतल्या पट्टीचा बाक केसभर जरी वेगळा झाला तरी लॉक बसत नाही. तीनदा तापवून मोडला, चौथ्यांदा जमला. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ती येते, मी स्क्रू सरकवतो, कातडीवर लाल डाग आहेत का बघतो, अंगठ्याने दाबतो. लाली जात असली तर ठीक, राहत असली तर चामडं घासायचं. मुलुंडहून एकही चिठ्ठी येत नाही. दुकान चाललंय.

यंदा ती अकरा वर्षांची आहे, चौथीत. गेल्या महिन्यात आली तेव्हा पिशवीतून जुना केसपेपर काढला. शिकवणीच्या बाईंकडून वाचून घेतला होता.

“काका, इथे तुमचं नाव आहे. चूक तुमची असं लिहिलंय. खरं का?”

“अर्धं.”

“उरलेलं अर्धं कुठाय?”

मी तिला सगळं सांगितलं. इंच कोणी मागितला, मी आधी नाही का म्हणालो, मग हो का म्हणालो. बोरिवलीच्या शिबिराचंही सांगितलं. ती ऐकत असताना शालन दाराकडे तोंड करून उभी होती. वैजूने एकच विचारलं, “त्या चाळीस मुलांचे पाय नीट आहेत?” मी म्हणालो, माझ्याकडे येतात त्यांचे आहेत. तिने मान डोलावली आणि म्हणाली, “मग मी डॉक्टरांना विचारते.”

पुढच्या शनिवारी आईला घेऊन ती मुलुंडला गेली. दोन तास बाहेर बसली. नंबर लागल्यावर विचारलं. डॉक्टर म्हणाले, “बाळ, फार जुनी गोष्ट आहे, आता आठवत नाही,” आणि टेबलाच्या खणातून काढून चॉकलेट दिलं. ते चॉकलेट तिने माझ्या काउंटरवर आणून ठेवलं आणि म्हणाली, “हे उत्तर दिलं.”

डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात दिवाळी अंक ठेवता, मला माहीत आहे, मी तिथे बसून वाचले आहेत. हा अंकही येईल. फुटलेली काच मी फोडली, ती माझी चूक. कॅलिपर मी बनवला, तीही माझी चूक, आणि ती मी त्या मुलीच्या तोंडावर कबूल केली आहे. मला तुमच्याकडून काही नको. चिठ्ठ्या नकोत, माफी नको. पण त्या शनिवारी तुम्ही जबाबदारी घेतली होतीत, आणि कोणी विचारलं तर सांगेन म्हणाला होतात. कोणीतरी विचारलं आहे. दोन तास बाहेर बसून विचारलं आहे.

ती पुन्हा येईल, मी तिला ओळखतो. आली की आधी तिला बसायला सांगा. लॉकची कडी तिची ती काढते, मदत करायला जाऊ नका. मग खण उघडू नका. ती विचारेल त्याचं उत्तर द्या.